प्रश्न वाहनांचे : गरम झालेला ट्रक सेल्फ का घेत नाही?

प्रश्न : आमचा दहाचाकी ट्रक २०१२ सालचा, यांत्रिक डिझेल पंपाच्या इंजिनाचा आहे. लासलगाव-पिंपळगाव भागातला कांदा आम्ही वाशीच्या बाजारात नेतो. सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. मात्र परतताना कसारा घाट चढून इगतपुरीला चहासाठी थांबलो आणि इंजिन बंद केले, की कधी कधी चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन जागचे हलत नाही. केबिनचे दिवे जराही मंद होत नाहीत. कधी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात सेल्फ लागतो, नाहीतर अर्ध्या तासाने गाडी आपोआप ठीक होते. दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकल्या, सेल्फ उतरवून कार्बन व बुश बदलले, तरी त्रास कायम आहे. गॅरेजमध्ये नेले की बिघाड दिसतच नाही. अडचणीच्या वेळी चालक गाडीखाली जाऊन सेल्फवर पाना ठेवतो आणि इंजिन सुरू करतो. हे योग्य आहे का?
— एक ट्रकमालक, निफाड तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य केबिनच्या दिव्यांविषयीचे आहे. ट्रकचे इंजिन फिरवताना सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी विजेची मोटर, काहीशे अँपिअर प्रवाह ओढतो आणि बॅटऱ्या कितीही नव्या असल्या तरी त्या क्षणी दिवे थोडेफार मंद होतातच. ते मंद होत नाहीत, याचा अर्थ मोटरमधून मुख्य प्रवाह वाहतच नाही. बॅटऱ्या उतरलेल्या असत्या किंवा इंजिन आतून अडकले असते, तर चावी फिरवताच दिवे एकदम खाली बसले असते. बॅटरीच्या पोलवरची क्लिप किंवा कटऑफ स्विच सैल असता, तर ते बहुधा विझलेच असते. यांपैकी काहीच होत नसल्याने बॅटऱ्यांवर संशय घेण्याचे कारण मुळातच नव्हते. अधूनमधून होणारा बिघाड सुटे भाग बदलत शोधू नये, असे मी या सदरातून आग्रहाने सांगेन. असा बिघाड चालू असतानाच मोजावा लागतो. गॅरेजमध्ये सेल्फ व्यवस्थित लागत असताना केलेली तपासणी त्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

आता तो ‘टक्’ आवाज नेमका कोठून येतो, हे ठरवावे. चावी फिरवल्यावर आवाज करणाऱ्या जागा दोन असतात. एक स्टार्टर रिले, म्हणजे चावी फिरवल्यावर सोलेनॉइडला वीज देणारा लहान स्विच, ज्याचा आवाज बारीक आणि कोरडा असतो. दुसरा सेल्फवर बसवलेला सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकाने मोटरचा मुख्य प्रवाह जोडणारा मोठा स्विच, ज्याचा ठोका जड असतो आणि फ्लायव्हीलच्या बाजूने ऐकू येतो. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक लावलेला असताना एका माणसाने गाडीच्या बाजूला, चाकांच्या वाटेपासून दूर उभे राहून ऐकले, तर हा फरक सहज कळतो. आवाज फक्त रिलेचा असेल, तर सोलेनॉइडला पुरेशी वीज मिळत नाही किंवा तो स्वतः ओढत नाही. जड ठोका पडूनही मोटर फिरत नसेल, तर सोलेनॉइडच्या आतील कॉन्टॅक्टकडे पाहावे लागेल.

या कॉन्टॅक्टबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सेल्फ दुरुस्त करताना कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ठोकळे) आणि बुश बदलतात आणि हा भाग पुष्कळदा तसाच राहतो. सोलेनॉइडच्या टोपणाखाली तांब्याच्या दोन जाड बोल्टांची डोकी असतात आणि प्लंजर (आतला सरकता दांडा) ओढला गेला की तांब्याची एक चकती त्या दोहोंवर आदळून मुख्य प्रवाह जोडते. प्रत्येक वेळी तेथे ठिणगी पडते. कालांतराने बोल्टांची डोकी एका बाजूने झिजतात, चकतीवर काळे खड्डे पडतात, आणि चकती थोडीथोडी फिरत असल्यामुळे एखाद्या वेळी चांगली जागा बोल्टावर येते तर एखाद्या वेळी जळकी. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात सेल्फ लागण्याचे हे अगदी ठराविक कारण आहे. कॉन्टॅक्ट नुसते पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवू नयेत. बोल्ट आणि चकती नवी घ्यावी किंवा सोलेनॉइड पूर्ण बदलावा.

तथापि आपला बिघाड गाडी गरम असतानाच होतो, ही गोष्ट दुसऱ्या शक्यतेकडेही बोट दाखवते. घाट चढून आल्यावर इंजिन बंद केले की त्यावरून वाहणारी हवा थांबते आणि साठलेली उष्णता सेल्फमध्ये शिरते, त्यामुळे थांबल्यानंतर काही काळ सेल्फ उलट अधिकच तापतो. तांब्याचा विद्युत रोध तापमानाच्या दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे सकाळी ३० अंशांवर असलेली सोलेनॉइडची गुंडाळी १०० अंशांवर गेली, तर तिचा रोध पाव हिश्श्याहून अधिक वाढतो आणि ओढण्याची ताकद बरीच घटते. सर्व जोडण्या धडधाकट असतील तर एवढ्या घटीने काही बिघडत नाही. परंतु इग्निशन स्विच, रिले आणि त्यांच्या मधल्या बारीक वायरींच्या सांध्यांत आधीच पाच-सहा व्होल्ट वाया जात असतील, तर थंड सोलेनॉइड तेवढ्यावर कसाबसा ओढतो आणि गरम सोलेनॉइड ओढत नाही. अर्ध्या तासाने गुंडाळी निवते आणि गाडी सुरू होते.

या दोन शक्यतांतून नेमकी कोणती, हे इगतपुरीलाच कळावे यासाठी एक साधी सोय करून ठेवावी. २४ व्होल्टचे दोन लहान इंडिकेटर दिवे केबिनमध्ये बसवावेत. पहिल्या दिव्याची वायर सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवरून घ्यावी. बहुतेक सेल्फवर त्याशेजारी ‘५०’ हा आकडा कोरलेला असतो. दुसऱ्याची वायर सोलेनॉइडकडून मोटरमध्ये जाणाऱ्या जाड बोल्टावरून घ्यावी. दोन्ही वायरींना सेल्फजवळच कमी अँपिअरचा फ्यूज असावा, त्या सायलेन्सरपासून दूर बांधाव्यात आणि दिव्यांची दुसरी टोके केबिनमधील चांगल्या अर्थला जोडावीत. काम झाले की दोन्ही काढून टाकता येतात.

पुढच्या वेळी गाडी अडली की चावी ‘स्टार्ट’वर धरून दिव्यांकडे पाहावे. पहिला दिवा लागलाच नाही किंवा मिणमिणता लागला, तर दोष इग्निशन स्विचपासून रिलेमार्गे सोलेनॉइडपर्यंतच्या भागात आहे आणि सेल्फ बहुधा निर्दोष आहे. या भागात रिलेची चपटी टोके सैल झालेली आणि तपकिरी पडलेली आढळण्याचा संभव सर्वाधिक असतो. पहिला दिवा लखलखीत लागला आणि दुसरा लागला नाही, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा बॅटरीकडून त्याच्यापर्यंत येणारी जाड केबल दोषी आहे. अशा वेळी जड ठोका ऐकू येत असेल आणि केबल ठीक असेल, तर कॉन्टॅक्ट नक्की. ठोकाच येत नसेल, तर सोलेनॉइडची गुंडाळी किंवा अडकलेला प्लंजर पाहावा. दोन्ही दिवे लागूनही मोटर फिरली नाही, तर कार्बन, आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) किंवा सेल्फचे अर्थिंग तपासावे. कार्बन नवे असले तरी ते आपल्या खाचेत मोकळे सरकतात की नाही आणि स्प्रिंगचा जोर आहे की नाही, हे पाहणे आवश्यक आहे. सोलेनॉइडच्या ओढणाऱ्या गुंडाळीचा प्रवाह मोटरच्या कार्बनमधूनच अर्थला जातो, म्हणून कार्बन टेकत नसेल तर सोलेनॉइडही दुबळा झाल्यासारखा वागतो आणि तपासणारा चुकीच्या वाटेला लागतो.

जाड केबल आणि अर्थिंग यांची तपासणी मल्टिमीटरने करावी, परंतु ती प्रवाह वाहत असताना. गाळाने चोंदलेल्या पाइपात नळ बंद असेपर्यंत दाब पूर्ण दिसतो आणि नळ सोडल्यावरच खरी स्थिती कळते, तसेच येथे आहे. स्थिर अवस्थेत २५.४ व्होल्ट दाखवणारी केबलसुद्धा सेल्फ मारताना निकामी असू शकते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन पोलवर, म्हणजे क्लिपवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या पोलवर, आणि दुसरे सेल्फच्या बॅटरीकडील जाड बोल्टावर लावून सेल्फ मारावा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असावा; एक व्होल्टच्या वर गेला तर त्या वाटेत कोठेतरी दोष आहे. मग एकेक सांधा ओलांडत मोजत गेले की दोषी जागा सापडते. कटऑफ स्विच याच वाटेत असतो आणि त्याचे आतले कॉन्टॅक्टही जळतात. नंतर असेच माप बॅटरीचा ऋण पोल आणि सेल्फची धातूची बॉडी यांच्यात घ्यावे. मीटरच्या वायरी लांब आणि क्लिपवाल्या वापराव्यात. म्हणजे सेल्फ मारताना कोणालाही गाडीखाली राहावे लागणार नाही.

अर्थिंगची हेळसांड आपल्याकडे फार होते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे इंजिनाला चेसिसशी जोडणारी पट्टी सैल झाली किंवा तिच्या थिंबलखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंज आणि रंग साचला, तर परतीच्या प्रवाहाला धड वाट उरत नाही. थिंबल सोडून चेसिसची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावी, बोल्ट घट्ट आवळावा आणि त्यानंतर वरून व्हॅसलीन लावावे. केबलचे आवरण कोठे फुगलेले दिसले, तर तेथे चीर देऊन पाहावे. आत हिरवी भुकटी निघाली तर ती केबल बदलण्यावाचून उपाय नाही.

चालक पाना ठेवून इंजिन सुरू करतो, हे मात्र आजपासून बंद करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन चावीवर अवलंबून नसते. स्टॉप लिव्हर ओढलेला नसेल तर एकदा फिरले की ते सुरू होते. गाडी चुकून गिअरमध्ये असेल, तर सेल्फच्या पहिल्याच हिसक्याला ती पुढे सरकते आणि पाना धरणारा माणूस चाकांच्या मध्ये असतो. शिवाय सेल्फचे बोल्ट थेट जोडणाऱ्या त्या पान्यातून वाहणारा प्रवाह धातू वितळवण्याइतका असतो आणि हात व डोळे क्षणात भाजतात. मालाला उशीर झाला तर भाव पडतो हे खरे, पण त्यासाठी माणसाचा जीव धोक्यात घालता येणार नाही. त्या वेळी थांबणे किंवा जवळच्या इलेक्ट्रिशियनला बोलावणे हाच मार्ग आहे.

प्रश्न : आमच्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची व्यवस्था आहे. टेप आणि मोबाइल चार्जरसाठी दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतले आहेत. वर्षभरात दर वेळी तीच बॅटरी खराब होते आणि सेल्फ कधी जोरात, कधी मरगळल्यासारखा फिरतो. बॅटरीची कंपनी बदलावी का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कंपनी बदलून उपयोग होणार नाही. दोन्ही बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि अल्टरनेटरला फक्त त्यांची बेरीज दिसते. ती साधारण २८ व्होल्ट ठेवणे एवढेच त्याचे काम असते. त्यातले कोणाच्या वाट्याला किती गेले, हे त्याला कळत नाही. एका बॅटरीतून सतत वीज काढली की ती अर्धवट भरलेली राहते आणि बेरीज पूर्ण करण्यासाठी दुसरीवर जादा व्होल्टेज येऊन तिचे पाणी आटते. म्हणजे एक उपाशी राहून आणि दुसरी उकळून, अशा दोन्ही बॅटऱ्या लवकर संपतात. सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळे माप घ्यावे. एक १० व्होल्टच्या वर टिकते आणि दुसरी ७-८ वर कोसळते असे दिसले, तर ही गोष्ट सिद्ध होईल. बाजारात २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारे कन्व्हर्टर मिळतात, त्यांपैकी टेप आणि चार्जर यांच्या अँपिअरना पुरेल असा घ्यावा, तो दोन्ही बॅटऱ्यांच्या मिळून २४ व्होल्टच्या टोकांवर फ्यूज घालून जोडावा आणि मधली वायर काढून टाकावी. बॅटऱ्या बदलताना दोन्ही एकाच वेळी, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात तयार झालेल्या घ्याव्यात.