अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या बाउल सामन्यांना आता काही भवितव्य उरलं आहे का?

तुमचा मुलगा ओहायोत शिकतोय, त्याच्या विद्यापीठाचा संघ डिसेंबरात बाउल खेळणार म्हणून तो हरखलाय, आणि वर्गमित्र मात्र ‘त्याला आता कोण विचारतं’ म्हणून त्याची थट्टा करतात, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं ओहायोतल्याच कोलंबसमध्ये राहतो, इथे शनिवारी लग्नाचा मुहूर्तसुद्धा फुटबॉलचं वेळापत्रक बघून काढतात, म्हणून उत्तर देतो. बाउल म्हणजे नियमित हंगाम संपल्यावर निमंत्रण मिळालेल्या दोन संघांत होणारा एकेक सामना. हे सामने संपणार नाहीत. पण त्यांत खेळण्याचा जो मान होता, तो बराचसा गेलाय आणि परत येईल असं मला वाटत नाही.

मुळात हे सामने अजिंक्यपद ठरवायला सुरूच झाले नव्हते. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला ऐन हिवाळ्यातल्या आपल्या उन्हाची जाहिरात करायची होती. नववर्षाच्या फुलांच्या मिरवणुकीला जोड म्हणून 1902 मध्ये त्यांनी मिशिगन आणि स्टॅनफर्ड यांचा सामना भरवला. मिशिगनने 49-0 असा धुव्वा उडवला, स्टॅनफर्डने वेळ संपायच्या आधीच हात टेकले. आयोजक इतके वैतागले, की पुढे काही वर्षं त्यांनी फुटबॉलऐवजी चक्क रथांच्या शर्यती लावल्या! 1916 पासून सामना परत आला, तोच आजचा रोझ बाउल. 1935 मध्ये मायामी, न्यू ऑर्लिन्स आणि एल पासो यांनी कित्ता गिरवला, 1937 मध्ये डॅलसने. म्हणजे आपल्याकडे यात्रा कमिटी कुस्त्यांचा फड भरवते ना, तसंच हे. पैलवान बोलवायचे, इनाम लावायचं, गावात चार दिवस गर्दी होते. त्यातून महाराष्ट्र केसरी ठरत नाही आणि ठरावा अशी कोणाची अपेक्षाही नसते.

गडबड झाली ती ‘केसरी’ वेगळा ठरायला लागल्यावर. 2014 च्या हंगामापासून चार संघांचा प्लेऑफ, म्हणजे अजिंक्यपदासाठीची बाद फेरी, आला, 2024 पासून बारा संघांचा. रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा आणि पीच हे सहा मोठे बाउल त्याच्या उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेऱ्यांत सामावले गेले. उरलेले तिसाहून जास्त बाउल हे बाराच्या बाहेर राहिलेल्यांसाठी. नियमित हंगामात 12 सामने असतात, त्यातले 6 जिंकले की संघ पात्र. वरच्या विभागातल्या 130 हून जास्त संघांपैकी ऐंशीच्या आसपास संघांना बोलावणं येतं म्हटल्यावर त्याचं अप्रूप किती राहणार?

खरा फटका मात्र खेळाडूंच्या हिशेबाने बसला. 1 जानेवारी 2016 ला फिएस्टा बाउलमध्ये नोटर डेम विद्यापीठाच्या जेलन स्मिथचा गुडघा गेला. व्यावसायिक लीगच्या निवडीत तो अगदी वरच्या नंबरांत जाणार अशी चर्चा होती. निवडला गेला दुसऱ्या फेरीत, 34 वा. त्याच वर्षी डिसेंबरात स्टॅनफर्डच्या क्रिश्चन मकॅफ्रीने सन बाउल आणि लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या लिओनार्ड फोर्नेटने सिट्रस बाउल खेळायला नकार दिला. तेव्हा टीव्हीवरच्या जाणत्या मंडळींनी त्यांना स्वार्थी ठरवलं. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. प्रशिक्षक बाउलच्या आधी संघ सोडून जास्त पगारावर दुसरीकडे जातो, तेव्हा त्याला कोणी स्वार्थी म्हणत नाही. वीस-एकवीस वर्षांच्या पोराने आपला गुडघा जपला तर मात्र तो गद्दार?

पुढे खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलायची मुभा मिळाली, आणि 2021 पासून जाहिराती वगैरे करून आपल्या नावावर-चेहऱ्यावर पैसे कमवायचीही. मग डिसेंबर म्हणजे बदल्यांचा बाजारच झाला. 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेट एकही सामना न हरता प्लेऑफबाहेर राहिली. रागावलेले, जखमी आणि निघून गेलेले खेळाडू वजा करून उरलेला संघ ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियासमोर उभा राहिला आणि 63-3 ने हरला. 2024 मध्ये मार्शल विद्यापीठाचे इतके खेळाडू गेले, की इंडिपेंडन्स बाउलमधून संघाने माघारच घेतली. आणि डिसेंबर 2025 मध्ये प्लेऑफ हुकल्यावर नोटर डेमने कुठलाही बाउल खेळायचं साफ नाकारलं. त्याच महिन्यात रिकाम्या जागांसाठी फक्त 5 सामने जिंकलेल्या संघांना फोन गेले, तर त्यातल्याही अनेकांनी नको म्हटलं.

मग हे चालू का राहणार? टीव्हीमुळे. डझनाहून जास्त बाउल ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्याच उपकंपनीच्या मालकीचे आहेत. नाताळच्या सुट्टीत, मंगळवारी दुपारी, दोन मध्यम संघांचा सामना लावला तरी 20-25 लाख लोक बघतात. तेवढ्या खर्चात तेवढे प्रेक्षक देणारं दुसरं काही वाहिनीकडे नाही. स्टेडियम अर्धं रिकामं असलं तरी कॅमेरा भरलेल्या बाजूला फिरवता येतो. (मी स्वतः असे सामने बघतो, त्यामुळे या पापात माझाही वाटा आहे.) ऑरलँडोतल्या, पॉप-टार्ट्स या गोड खाऊच्या नावाने चालणाऱ्या बाउलमध्ये तर 2023 पासून जिंकलेला संघ खाता येणारा शुभंकर मैदानातच फस्त करतो, आणि शार्लटला मेयोनेझ कंपनीच्या बाउलमध्ये जिंकलेल्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर मेयोनेझची बादली ओततात. नाकं मुरडणारे मुरडोत. मला वाटतं, हे बाउल टिकतील, कारण आपण जत्रा आहोत हे त्यांनी मान्य केलंय.

अडचणीत येतील ते मधले. ना प्लेऑफमध्ये, ना मौजेत. नुसत्या जुन्या नावावर चालणारे. पूर्वी ते विद्यापीठांच्या गळ्यात तिकिटंही मारत. कनेक्टिकट विद्यापीठाला 2011 च्या फिएस्टा बाउलने मान दिला आणि न खपलेल्या तिकिटांमुळे वगैरे 15 लाख डॉलरहून जास्त तोट्यात घातलं. आता 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. त्यामुळे करारात ‘बाउल खेळलास तर एवढी रक्कम’ असं कलम सर्रास येईल, असा माझा अंदाज आहे. प्लेऑफ 16 किंवा 24 संघांचा करायच्या चर्चाही चालू आहेत. तसं झालं तर मधल्यांचं आणखी अवघड.

रोझ बाउललाही वाकावं लागलंच आहे. सॅन गॅब्रिएल डोंगरांवरचा सूर्यास्त सामन्यात दिसावा म्हणून सुरुवातीची दुपारी 2 ची वेळ त्यांनी वर्षानुवर्षं धरून ठेवली होती. 2026 मध्ये पुढच्या सामन्याला उशीर होऊ नये म्हणून ती 1 वर आली.

मुलाला म्हणावं, जा बिनधास्त. बाउलआधीच्या त्या जास्तीच्या सरावांत एरवी बाकावर बसणाऱ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना संधी मिळते आणि मोठे खेळाडू गेलेले असले की सामन्यातही तीच पोरं उतरतात. पुढच्या हंगामातला संघ बघायचा असेल तर हीच वेळ. फक्त तिकीट विद्यापीठाकडून पूर्ण किमतीला आधी घेऊ नको म्हणावं. छोट्या बाउलची तिकिटं आदल्या दिवशी ऑनलाइन फेरविक्रीत बहुतेक वेळा बरीच स्वस्त मिळतात.