९८.९ टक्के मॅच म्हणजे जुनीच स्पीशीज का?

प्रश्न: मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय. थंड समुद्राच्या पाण्यातून ४ अंशाला एक फिकट केशरी कॉलनी मिळालीय. १६ एस (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात तो जीन) सिक्वेन्स जवळच्या स्पीशीजशी ९८.९ टक्के जुळला. सर म्हणतात ९८.७ च्या वर आहे, नवीन नाही, सोडून दे. सोडू का?

उत्तर: अजिबात सोडू नका! सरांचा आकडा बरोबर आहे पण तो एकाच बाजूने चालतो, म्हणजे ९८.७ च्या खाली असाल तर स्पीशीज बहुतेक नवीन, वर असाल तर त्यावरून काहीच ठरत नाही. १६ एस हा जेमतेम दीड हजार बेसचा जीन, त्यात फार हळू बदलणारा, आणि शेवानेला, स्यूडोअल्टेरोमोनास अशा समुद्री जीनसमध्ये तर वेगवेगळ्या स्पीशीजचे १६ एस ९९ टक्क्यांच्या वरही जुळतात.

निकाल जीनोमवर लागतो. अख्खा जीनोम सिक्वेन्स करून घ्या आणि जवळच्या सगळ्या टाइप स्ट्रेनशी (म्हणजे त्या त्या स्पीशीजच्या अधिकृत नमुन्याशी) ताडून बघा. टाइप स्ट्रेनच हवा हं, ब्लास्टमध्ये (डेटाबेसमध्ये जुळणारे सिक्वेन्स शोधायचं साधन) सगळ्यात वर आलेलं कुठलंही नाव नको, डेटाबेसमध्ये चुकीची लेबलं लागलेली असतात. एएनआय (दोन जीनोम सरासरी किती जुळतात तो आकडा) ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीडीएच (जीनोममधलं साम्य मोजायचा दुसरा हिशेब) ७० टक्क्यांच्या खाली आलं की मग नवीन स्पीशीज म्हणायला जोर येतो.

त्यानंतरचं काम रटाळ वाटतं पण मला तेच सगळ्यात आवडतं. ०, ४, १०, १५, २०, २५ अंशाला वाढ बघा, आणि घाई नको, थंडीतल्या प्लेट्स दोन-तीन आठवडे ठेवाव्या लागतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मोरिटांनी १९७५ मध्ये सायक्रोफाइलची, म्हणजे थंडीतच वाढणाऱ्या जीवाची, व्याख्या दिली ती अजून चालते: १५ किंवा त्याखाली उत्तम वाढ, २० च्या वर वाढ नाही, आणि शून्याला किंवा त्याखालीही वाढ, तर तो खरा सायक्रोफाइल. (मोरिटेला हे जीनस त्यांच्याच नावाचं.)

तुलनेसाठी पेशीतली फॅटी ॲसिडं तपासताना मात्र एक चूक हमखास होते. थंडीत पेशीचं आवरण लवचिक राहावं म्हणून बॅक्टेरिया अनसॅच्युरेटेड फॅटी ॲसिडं वाढवतात, त्यामुळे तुमचा स्ट्रेन ४ अंशाला आणि तुलनेचा २० ला वाढवलात तर जो फरक दिसेल तो तापमानाचा असेल, स्पीशीजचा नाही. दोघांना एकच मीडियम, एकच तापमान, आणि वाढीची अवस्थाही एकच ठेवा.

नाव अधिकृत व्हायला टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये जमा लागतो, म्हणजे कल्चर जिवंत हवंच. खरा सायक्रोफाइल निघाला तर एक दुपार टेबलावर विसरलात तरी मरू शकतो. म्हणून बाकी सगळं नंतर, आजच ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवून जपायचं कल्चर) करून उणे ८० ला टाका, एक नाही चार-पाच, आणि जमलं तर निम्मे दुसऱ्या फ्रीझरमध्ये. एएनआय आला की कळवा, लॅटिन नावाचं तेव्हा बघू.