प्रोसेसरची तीन वर्षं, तक्रारीची दोन

सांगलीच्या एका वाचकाने चार पानी पत्र पाठवलंय. त्यातली साडेतीन पानं तापमानाची आहेत. कुठल्या गेमला किती अंश, पंखा किती फेऱ्यांनी फिरतो, कॅबिनेटची बाजूची काच काढली तर किती फरक पडतो, सगळं तारीखवार. ते सोडून हकिगत अशी: २४ ऑक्टोबर २०२३ला, म्हणजे दसऱ्याला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून १,६८,००० रुपयांचा गेमिंग कॉम्प्युटर घेतला. सुटे भाग निवडून दुकानदारानेच जोडून दिला. दिवाळीपासून गेम लावला की दहा मिनिटांत प्रोसेसर शंभर अंशांवर जातो आणि मशीन बंद. दुकानदार म्हणतो, कंपनीकडे जा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणतं, प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर नीट बसवलेला नाही, ज्याने बसवला त्याच्याकडे जा. जानेवारीत वाचकाने व्हिडिओ बघून स्वतःच कूलर उघडला, तर तळाच्या तांब्याच्या पट्टीवर कारखान्यातली पारदर्शक फिल्म तशीच चिकटलेली. फिल्म काढली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली. आता मशीन दहाऐवजी पंचवीस मिनिटांनी बंद पडतं. दुकानदाराचं नवं उत्तर: तुम्ही उघडलंत, वॉरंटी संपली.

आणि शेवटी प्रश्न: ‘प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी आहे, म्हणजे अजून वर्षभर हातात आहे. तोवर नवा कूलर घेऊन बघू, की ग्राहक न्यायालयात जाऊ?’

वर्षभर हातात नाही. मी हे २०२५च्या पितृपक्षात लिहितोय आणि तुमच्याकडे जेमतेम महिना उरलाय. अशी पत्रं मला फ्रिजची येतात, इन्व्हर्टरची येतात, आटाचक्कीची येतात. चूक सगळीकडे एकच, वॉरंटीची मुदत आणि तक्रारीची मुदत एकच समजण्याची.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याचं कलम ६९ वाचा. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी, नाहीतर ग्राहक आयोग, म्हणजे तुम्ही म्हणता ते ग्राहक न्यायालय, ती दाखलच करून घेणार नाही. कंपनीने तीन वर्षं दिली काय, पाच दिली काय, त्या कागदाने ही दोन वर्षं लांबत नाहीत. आता कारण घडलं कधी? तुम्ही म्हणाल, मशीन पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा, आणि दुकानदाराला पहिला मेसेज केला भाऊबीजेला, १५ नोव्हेंबर २०२३ला. ते मांडता येईल. दुकानदाराचा वकील मात्र बिलाच्या तारखेवर बोट ठेवेल, कारण दोष असेल तर तो पहिल्या दिवसापासूनचा, फिल्म काही दिवाळीत उगवलेली नाही. मी हा वाद घालत बसायच्या मताचा नाही. २४ ऑक्टोबर हीच तारीख धरा. यंदा २३ला भाऊबीज आहे, त्याआधी चार दिवस कुणी जागेवर सापडत नाही. म्हणून माझ्या हिशेबाने कोजागिरीच्या आत तक्रार दाखल झालेली असावी. आणि मुदत तारखेने मोजतात, तिथीने नाही, त्यामुळे ‘दसऱ्याला दोन वर्षं होतील’ हा तुमचा हिशेबही चुकलाय.

वॉरंटी चालू असताना कंपनीने दुरुस्ती नाकारली तर नकाराच्या तारखेपासून नवं कारण मिळतं, असं म्हणायला जागा आहे. पण तो युक्तिवाद आहे, आणि युक्तिवाद चालला नाही तर १,६८,००० रुपये गेले. हाती सरळ रस्ता असताना आडवाटेने का जायचं?

‘आमचं बोलणं चालूच होतं’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय. बोलण्याने मुदत थांबत नाही. तुमच्याच पत्राप्रमाणे मार्च २०२४ ते जुलै २०२५ या काळात तुम्ही एकही मेसेज केलेला नाही. सोळा महिने! १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ऑगस्टमध्ये नोंदवलेली तक्रारही यात धरता येत नाही. ती हेल्पलाइन कंपनीशी बोलून तडजोड घडवायचा प्रयत्न करते, आणि कधीकधी त्याचा उपयोगही होतो. पण तिथला डॉकेट नंबर म्हणजे आयोगापुढची तक्रार नव्हे. कलम ६९ मध्ये विलंब माफ करायची सोय आहे, पुरेसं कारण असेल तर, आणि आयोगाने ते कारण लिहून नोंदवायचं असतं. ‘अजून वॉरंटी आहे असं वाटलं’ हे कारण मी तरी शपथपत्रावर लिहिणार नाही.

आता दावा कशावर उभा करायचा. तुमची सगळी भिस्त तापमानावर आहे आणि तिथेच तुम्ही घसरणार. प्रोसेसर कुठल्या कंपनीचा, कुठला, हे चार पानांत एकदाही लिहिलेलं नाही. एएमडीचा रायझन ७००० मालिकेतला असेल, तर भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाणं ही त्याची रचनाच आहे असं कंपनीनेच सांगितलंय. इंटेलच्या वरच्या मॉडेलांची कमाल मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. त्यामुळे नुसता शंभरचा आकडा दाखवलात तर समोरचा कंपनीच्या माहितीपत्रकातलं पान काढून दाखवेल आणि तुमची साडेतीन पानं रद्दीत जातील. दोष आहे तो मशीन बंद पडण्यात. कलम २(१०) मधली दोषाची व्याख्या तुमच्या बाजूची आहे, कारण विक्रेत्याने जो दावा केला त्यात वस्तू उणी पडली तरी तो दोष. दुकानदाराने व्हॉट्सअॅपवर ‘अल्ट्रा सेटिंगवर दिवसभर चालवा, काही होणार नाही’ असं लिहिलंय म्हणता. ते वाक्य तुमच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा मोलाचं आहे.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीबद्दल विचारलंय म्हणून एवढंच: २०२४ मध्ये कंपनीने त्या डेस्कटॉप प्रोसेसरांपैकी काहींची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण ती जादा व्होल्टेजमुळे येणाऱ्या अस्थिरतेसाठी. तुमचं दुखणं तेच आहे असं पत्रावरून वाटत नाही. खोक्यावरचा नंबर बघून अर्ज करायला हरकत नाही. मात्र त्याच्या उत्तराची वाट बघत ऑक्टोबर घालवू नका.

तुमचं नशीब एका जागी बरं आहे. बिलाच्या फोटोत शेवटून दुसरी ओळ आहे: ‘असेंब्ली व टेस्टिंग, रु. २,५००’. पक्कं जीएसटी बिल आणि त्यावर ही ओळ. निम्मे लोक चार पैसे वाचवायला कच्च्या बिलावर माल उचलतात आणि मग माझ्याकडे येतात. जोडणी आणि तपासणीचे पैसे घेऊन जर फिल्म न काढता कूलर बसवला असेल, तर ती कलम २(११) खालची सेवेतली त्रुटी झाली. त्यासाठी प्रोसेसर सदोष होता हे सिद्ध करावं लागत नाही, आणि कंपनीच्या वॉरंटीशीही तिचा संबंध नाही. ‘तुम्ही उघडलंत’ हा आक्षेप मुख्यतः वस्तूच्या वॉरंटीला लागतो. जोडणीतली चूक तुम्ही उघडण्याच्या तीन महिने आधीच होऊन गेली होती. म्हणून तक्रारीत पहिला सामनेवाला दुकानदार, पहिला मुद्दा सेवेतली त्रुटी. प्रोसेसर आणि कूलरच्या कंपन्यांना पुढच्या क्रमांकावर घ्या, म्हणजे उद्या एकमेकांकडे बोट दाखवायचं तर आयोगासमोरच दाखवतील. दोष वस्तूतच आहे यावर भर दिलात, तर कलम ३८ प्रमाणे ती सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवण्याची वेळ येऊ शकते. तपासणीची फी आधी तुम्ही भरायची आणि अहवाल येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही.

फक्त ती फिल्म कुठे आहे? ‘कचऱ्यात टाकली’ असं तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. अहो, हातभर पुराव्यातला सगळ्यात मोठा तुकडा तोच होता. पेस्टचा डाग पडलेली, कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘बसवण्यापूर्वी काढा’ असं इंग्रजीत छापलेली दोन इंचांची फिल्म. ती पाकिटात घालून ठेवायला काय पडलं होतं? उरला तो व्हिडिओ, जो तुम्ही त्या रात्री मित्राला ‘बघ काय सापडलं’ म्हणून पाठवलात. तुमचा तो फोन आता नाही. म्हणजे मित्राच्या फोनवरची प्रत हाच पुरावा. तो व्हिडिओ पुढे पाठवून घेऊ नका, मित्राच्या फोनमधून केबलने फाइल उतरवून घ्या. सोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र आणि मित्राचं शपथपत्र. ग्राहक आयोग साक्षीपुराव्याच्या नियमांना दिवाणी न्यायालयाइतके घट्ट धरून बसत नाहीत, पण समोरचा वकील हरकत घेणारच, मग प्रमाणपत्र आधीच जोडलेलं बरं.

नव्या कूलरचं विचाराल तर तक्रार दाखल होईपर्यंत थांबा. त्याआधी एक चित्रीकरण करा, न थांबता, एकाच शॉटमध्ये: खोलीतलं थर्मामीटर, नुसत्या डेस्कटॉपवरचं तापमान, कूलरमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाची गती, मग गेम, मग बंद पडलेला काळा पडदा. पंप शून्य फेऱ्या दाखवत असेल तर तेवढ्यावरच कूलरच्या कंपनीची गोष्ट वेगळी होईल. शक्य असेल तर सरकारी तंत्रनिकेतनातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकांकडून पाहणीचा लेखी अहवाल घ्या. तो पुरेल की आयोग पुन्हा तपासणी सांगेल, हे आत्ता सांगता येणार नाही. आणि दुकानदाराने ‘पाठवून द्या, बघतो’ म्हटलं तर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहिलेल्या सहीशिक्क्याच्या पोचेशिवाय खोकं घराबाहेर काढू नका.

बिलामागे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ आणि ‘सर्व वाद मुंबई न्यायक्षेत्रात’ असं छापलंय त्याची धास्ती सोडा. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तुम्ही सांगलीच्या जिल्हा आयोगात करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. लाइव्ह स्ट्रीमिंगमधून थोडी कमाई होते असं लिहिलंय, त्यावरून ‘हे ग्राहकच नाहीत, व्यावसायिक वापर आहे’ असा आक्षेप येऊ शकतो. स्वयंरोजगाराचा अपवाद आहे, पण तुमच्या तीनचार हजारांना तो लागेल की नाही हे आकडे बघून ठरेल. खरं तेच लिहा.

नोटीस आजच स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा, पंधरा दिवसांची मुदत देऊन. नोटिशीची सक्ती कायद्यात नाही, त्यामुळे उत्तर आलं नाही तरी सोळाव्या दिवशी तक्रार टाका.

निकाल कधी लागेल विचारू नका. कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागली तर पाच. हे वाक्य मी अशिलांना वाचून दाखवतो तेव्हा माझाच आवाज उतरतो. आयोगांवर अध्यक्ष आणि सदस्य नेमले जात नाहीत म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. तुमच्या प्रोसेसरची उरलेली वॉरंटी सुनावण्यांत संपून जाईल, असंच धरून चाला. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची: सामनेवाल्याला लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही वाढवता येत नाही, असं घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेजच्या प्रकरणात सांगितलंय. दुकानदार लोक तुमच्यासारखेच निवांत असतात. त्यांना आयोगाची नोटीस मिळाल्याची तारीख लिहून ठेवा आणि शेहेचाळिसाव्या दिवशी, आता त्यांचं म्हणणं घेऊ नये, असा अर्ज द्या.

बाकी कागद उद्या जुळवलेत तरी चालेल. मित्राला फोन मात्र आज रात्रीच करा, त्यानेही फोन बदलला असेल तर व्हिडिओ गेला.