दापोलीच्या शाळेत एका वर्गात ४० मुलं आहेत. जर्मन बोलण्याचा सराव कसा घ्यावा?

ए१ पातळीला (जर्मनची अगदी पहिली पायरी) जोडीने 'बाजार' खेळायला द्या. कागदावर आठ वस्तू: आंबा, काजू, नारळ, मासे वगैरे. 'अ' कागदावर चार किमती, 'ब'वर उरलेल्या चार, बाकी जागा रिकाम्या. विचारून त्या भरायच्या. ४० मुलांना २० संच लागतात. पावसाळ्यात कागद दमट होऊन फाटतात, म्हणून लॅमिनेट करा. वर स्केचपेनने लिहून पुसताही येतं.

आधी पाच मिनिटं 'वास कॉस्टेट...?' (...ची किंमत किती?) आणि आकडे एका सुरात म्हणून घ्या, एका जोडीकडून करून दाखवा, मगच सात-आठ मिनिटं सोडा.

मुलं कागद दाखवून मोकळी होतात, म्हणून मध्ये दप्तर उभं ठेवा. मराठीवर घसरतात, कारण अडल्यावर काय म्हणायचं ते माहीत नसतं; 'नोख आइनमाल, बिट्टे' (पुन्हा एकदा, प्लीज) फळ्यावर हवंच. सगळ्यात जास्त चुका आकड्यांत: २४ ऐकून ४२ लिहितात, कारण इंग्रजीतून विचार करतात. जर्मनमध्ये 'चोवीस'सारखाच एकक आधी येतो, हे सांगा, आणि पूर्ण आकडा ऐकल्याशिवाय पेन टेकवू देऊ नका.

मध्येच चुका दुरुस्त करू नका, बोलणं तुटतं. फिरत टिपून घ्या, शेवटी तीनच फळ्यावर लिहा.

गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेच्या साइटवर ए१चे नमुना पेपर मोफत मिळतात. त्यांतले श्रवणाचे भाग वर्गात वापरा. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे व्हिडिओ धडेही मोफत आहेत. नेट रखडत असेल तर तिथला ऑडिओ आदल्या दिवशीच उतरवून ठेवा.