चरबी गेली, मग हनुवटीखाली हे काय उरले?

प्रश्न : मी ५१ वर्षांची गृहिणी असून इंदूरला लोकमान्य नगरात राहते. हनुवटीखाली लोंबणारी चरबी मला अनेक वर्षे खटकत होती. धाकट्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा घरच्यांशी बोलून मी शहरातील एका क्लिनिकमध्ये लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया, करून घेतले. त्याला आता आठ महिने झाले. चरबी कमी झाली हे खरे, परंतु कातडी सैल पडली आहे, गळ्यावर दोन उभ्या दोऱ्या ताणल्यासारख्या दिसतात, त्यांच्यामध्ये खळगा पडला आहे आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढे गोळे हाताला लागतात. लग्नाचा अल्बम पाहताना जाऊबाई सहज बोलून गेल्या, ‘तुझी मान अगदी सासूबाईंसारखी दिसते गं.’ सासूबाई ८० वर्षांच्या आहेत. डॉक्टर म्हणतात, थोडे वजन उतरवा, नाहीतर मशीनने कातडी घट्ट करण्याचे पॅकेज घ्या. रात्रीचे सराफा बाजारातल्या खाऊगल्लीतले खाणे तर मी वर्षभरापूर्वीच सोडले आहे. पुन्हा पैसे घालावेत का? आणि ते गोळे म्हणजे काही वाईट तर नाही ना?

उत्तर : गोळ्यांविषयी आधी सांगतो, कारण आपली खरी झोप त्यांनी उडवली असणार. जबड्याच्या हाडाच्या आतल्या बाजूस, डावीकडे आणि उजवीकडे, एकेक लाळग्रंथी असते आणि वाढत्या वयात अनेकांमध्ये ती किंचित खाली उतरते. आपल्या गळ्यात ती पूर्वीही होतीच, फक्त चरबीच्या गादीखाली झाकलेली होती. गादी काढल्यामुळे ती आता हाताला लागू लागली. दोन्ही बाजूंचे गोळे सारखेच, मऊसर आणि न दुखणारे असतील, तर बहुधा हेच कारण आहे. मात्र एकच बाजू मोठी असेल, गोळा वाढत असेल, दगडासारखा कठीण लागत असेल किंवा जेवायला बसताच फुगून दुखू लागत असेल, तर सौंदर्याचा विषय बाजूला ठेवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे आणि गळ्याची सोनोग्राफी करून घ्यावी. खरे तर पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच कोणीतरी हा गळा बोटांनी नीट चाचपून पाहायला हवा होता.

आता मुख्य गोष्ट. हनुवटीखाली फुगवटा दिसला की ती चरबी, असे आपण सगळेच धरून चालतो, आणि खेदाने म्हणावे लागते की पुष्कळ क्लिनिकेही तसेच धरून चालतात. प्रत्यक्षात तेथे एकाखाली एक असे अनेक थर असतात. वर कातडी, तिच्या लगेच खाली चरबीचा एक थर, त्याखाली छातीच्या वरच्या भागापासून जबड्यापर्यंत पसरलेला प्लॅटिस्मा नावाचा कागदासारखा पातळ स्नायू, त्याच्याही खाली चरबीचा दुसरा थर, मग खोलवरचे स्नायू आणि लाळग्रंथी, आणि या सगळ्याला आधार देणारी दोन हाडे : एक हनुवटीचे, दुसरे गळ्यातील घोड्याच्या नालेसारखे छोटे हायॉइड हाड. लायपोसक्शनची नळी यांपैकी फक्त कातडीखालच्या पहिल्या थरात फिरते. दोष त्या थरात असेल आणि कातडीत आटून बसण्याची ताकद असेल, तर परिणाम सुरेख मिळतो. दोष अन्यत्र असेल, तर नळी आपले काम चोख करते आणि गळा तरीही सुधारत नाही.

आपल्या बाबतीत नेमके हेच झालेले दिसते. आपण पाठवलेल्या जुन्या छायाचित्रात मान थोडी वळलेली आहे आणि त्यातही डाव्या बाजूची एक दोरी अंधूकशी ओळखू येते. ही दोरी म्हणजे प्लॅटिस्माची आतली कड होय. तरुणपणी या स्नायूच्या दोन्ही बाजू हनुवटीखाली जवळजवळ असतात. वयानुसार त्या एकमेकींपासून दूर सरकतात, सैल होतात आणि त्यांच्या कडा उभ्या पट्ट्यांसारख्या दिसू लागतात. आपल्या वरच्या चरबीने त्या झाकल्या होत्या. चरबी काढली आणि पडदाच उठला. त्यात मधल्या भागातून चरबी जरुरीपेक्षा जास्त ओढली गेली असावी, म्हणून दोन पट्ट्यांमध्ये खळगा दिसतो. या रूपाला शल्यचिकित्सक नागाच्या फण्याची उपमा देतात आणि लायपोसक्शन शिकताना जी चूक टाळायला शिकवतात, ती हीच. गळ्यातून चरबी निघते ती लहानशा कपात मावेल एवढीच; तेवढ्यात थोडे कमी-जास्त झाले तरी चेहऱ्यावर उमटते.

कातडीचे गणित वयाशी बांधलेले आहे. पंचविशीतल्या व्यक्तीची चरबी काढली तर कातडी आटून नव्या आकाराला बसते. पन्नाशीनंतर तिला घट्ट आणि लवचीक ठेवणारी कोलॅजन आणि इलॅस्टिन ही प्रथिने कमी झालेली असतात. उशी अर्धी रिकामी केली की अभ्रा सैल पडतोच, तसे हे आहे. म्हणूनच वजन उतरवण्याचा सल्ला येथे मला पटत नाही. वजन आरोग्यासाठी जरूर उतरवावे, पण त्याने आपली कातडी आणखी सैल पडेल, पट्ट्या अधिक उठून दिसतील आणि खळगा खोल होईल. सल्ला देणाऱ्याने जबाबदारी आपल्या खांद्यावर ढकलली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

घरच्या घरी एक तपासणी करून पाहा. आरशासमोर ताठ बसा, अंगठा आणि तर्जनी यांनी हनुवटीखालची कातडी चिमटीत धरा. आता दात आवळून खालचा ओठ दोन्ही कोपऱ्यांतून खाली ओढा, लहान मुलाला भेडसावताना करतो तसा चेहरा. गळ्याचा स्नायू ताणला जाईल. तरीही चिमटीत जे जाडसर उरते, ते वरच्या थराचे. आणि चिमटीतून जे निसटते, ते स्नायूखालचे. नंतर चिमूट सोडा आणि कातडी झटकन जागेवर बसते की क्षणभर तशीच उभी राहते, ते पाहा. ज्या डॉक्टरांकडे आपण दुसऱ्या मतासाठी जाल, त्यांनी आपल्याला बसवून असेच काहीतरी करून पाहिले नाही आणि थेट दरपत्रक पुढे केले, तर चहा न घेताच उठावे.

आठ महिने झाल्यामुळे ‘अजून सूज आहे’ हे उत्तर आता पुरेसे नाही. गळ्याची बहुतेक सूज पहिल्या काही आठवड्यांत ओसरते, आतला कडकपणा मऊ व्हायला तीन ते सहा महिने लागतात. आज आरशात दिसते आहे, साधारण तोच अंतिम परिणाम. त्यामुळे फेरविचाराला ही वेळ योग्य आहे. मशीनच्या पॅकेजबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा अल्ट्रासाउंडची उष्णता किंचित सैल कातडीला थोडी आवळते. सुटलेला स्नायू ती शिवू शकत नाही आणि खळगा भरू शकत नाही. चरबी विरघळवणारी इंजेक्शने तर आपण कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नयेत, कारण आपल्याकडे आता विरघळवण्यासारखे काही उरलेले नाही. आपल्या तक्रारींचा खरा उपाय शस्त्रक्रियेचाच आहे : हनुवटीखाली छोटा छेद घेऊन स्नायूच्या दोन्ही कडा मध्यभागी शिवणे, कानामागून छेद घेऊन जादा कातडी काढणे आणि गरज असेल तर पोटाची थोडी चरबी घेऊन खळग्यात भरणे. भरलेल्या चरबीपैकी काही भाग शरीर शोषून घेते, म्हणून त्यात एका बैठकीचा हट्ट धरता येत नाही. हे लायपोसक्शनहून मोठे काम आहे. ओठाचा कोपरा हलवणारी नस जबड्याच्या कडेजवळून जाते आणि पहिल्या शस्त्रक्रियेनंतर आतले थर चिकटलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला जोखीम वाढते. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी असलेल्या आणि गळ्याच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या व्यक्तीकडेच जावे. काहीही न करणे हाही एक सन्मान्य पर्याय आहे, आणि जाऊबाईंचे एक वाक्य हे शस्त्रक्रियेचे कारण होऊ शकत नाही, एवढे बोलून घेतो.

त्या क्लिनिकने भिंतीवर लावलेली ‘आधी आणि नंतर’ची छायाचित्रे आपल्याला आठवत असतील. ‘आधी’मध्ये मान खाली आणि प्रकाश वरून, ‘नंतर’मध्ये हनुवटी पुढे आणि प्रकाश समोरून, एवढ्या बदलावर कोणाचाही गळा दहा वर्षांनी तरुण दिसतो. खऱ्या तुलनेत कानाचे छिद्र आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत ठेवून दोन्ही छायाचित्रे घेतात.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या पैशांची भरपाई मागता येईल का, हे आपण विचारले नाही, तरी लिहितो. मनासारखा परिणाम न मिळणे म्हणजे आपोआप निष्काळजीपणा ठरत नाही. परंतु स्नायू आणि कातडी यांची तपासणी झाली नव्हती, संभाव्य दुष्परिणाम सांगितले नव्हते, असे कागदांवरून दिसले तर गोष्ट वेगळी. म्हणून आधी लेखी अर्ज देऊन शस्त्रक्रियेची नोंद, संमतिपत्र आणि त्यांनी काढलेली छायाचित्रे मागून घ्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार साधारण दोन वर्षांच्या आत करावी लागते. दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी आजच्या स्थितीची छायाचित्रे आणि नव्या तज्ज्ञांचे लेखी मत हाताशी ठेवा, कारण एकदा गळा पुन्हा उघडला की पहिल्याने काय केले होते हे सांगणे कठीण होते.

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून सुदामा नगरात राहतो. हनुवटीखालच्या चरबीसाठी दोन वेळा इंजेक्शने घेतली. प्रत्येक वेळी आठवडाभर मान बेडकासारखी सुजली, पण बाजूने काढलेल्या फोटोत काहीच फरक नाही. तिसरी खेप घेऊ का?

उत्तर : आधी कुपीवरचे नाव विचारा. चरबीच्या पेशी फोडण्यासाठी वापरले जाणारे सिद्ध औषध म्हणजे डीऑक्सिकोलिक आम्ल. आपल्या पित्तातही ते असते आणि अमेरिकेत २०१५ मध्ये याच जागेसाठी त्याला मान्यता मिळाली. तेथे किमान एक महिन्याच्या अंतराने सहा खेपांपर्यंत ते देतात, तेव्हा दोन खेपांवरून ते निरुपयोगी म्हणता येणार नाही, आणि सूज तर अपेक्षितच आहे. परंतु ‘फॅट डिझॉल्व्हिंग’च्या नावाखाली कोणतेही मिश्रण टोचण्याचे प्रकार होतात. नाव आणि बॅच क्रमांक लिहून देत नसतील, तर तिसरी खेप घेऊ नये.

आपल्या फोटोत मला मात्र दुसरेच दिसते. खालच्या ओठापासून सरळ खाली पट्टी धरली, तर आपली हनुवटी तिच्या बरीच मागे राहते. हाड मागे असले की सडपातळ माणसाचाही गळा भरलेला वाटतो, आणि ते इंजेक्शनाने पुढे येत नाही. तिसऱ्या खेपेचे पैसे राखून ठेवा आणि आधी एखाद्या ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वाकडेतिकडे दात सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञांना, दातांची ठेवण दाखवून या. खालचा जबडाच मागे आहे की केवळ हनुवटीचे टोक लहान आहे, हे तेथे बाजूच्या एक्स-रेवरून कळेल, आणि पुढचा उपाय त्यावरच ठरेल.