सुरत पासिंगची डिझेल गाडी, ‘९ टक्के’ व्याज आणि २० हजार विसार: द्यायचा का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पारोळ्याचे, घरची कापसाची शेती. धुळ्याच्या एका ऑटो कन्सल्टंटकडे, म्हणजे जुन्या गाड्या विकून देणाऱ्याकडे, २०१७ ची डिझेल स्विफ्ट पाहिली. पासिंग जीजे-०५, मीटरवर ५८ हजार, किंमत ४ लाख १५ हजार. १ लाख १५ हजार रोख द्यायचे, उरलेल्या ३ लाखांचे ८,५०० प्रमाणे ४८ हप्ते, व्याज ‘फक्त ९ टक्के’. परवापर्यंत २० हजार विसार दिला नाही तर गाडी दुसरा उचलणार.

विसार देऊ नका. गाडी मी पाहिलेली नाही, ती चांगलीही असेल. पण तुम्हाला जे सांगितलं गेलं त्यातली एकही गोष्ट अजून कागदावर नाही आणि घाई मात्र तुमच्यावर लादली आहे.

आधी व्याजाचं बघू, कारण मी ११ वर्षं एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर काढली आणि या एका आकड्यात फसलेली माणसं रोज समोर बसायची. ३ लाखांचे ९ टक्के म्हणजे वर्षाला २७ हजार. चार वर्षांचे १ लाख ८ हजार. मुद्दल धरून ४ लाख ८ हजार, भागिले ४८, बरोबर ८,५००. म्हणजे हा फ्लॅट रेट आहे. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, तीन वर्षांनी तुमच्याकडे लाखाच्याही आत बाकी उरते, तरी व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ३ लाखांवर मोजलेलं असतं. हेच कर्ज घटत्या बाकीवर मांडलं तर दर जवळजवळ १६ टक्के पडतो. खरोखरच ९ टक्के असते तर हप्ता ७,४६५ च्या आसपास आला असता. महिन्याला हजारावर फरक, चार वर्षांत ५० हजारांच्या घरात.

कन्सल्टंटला तोंडी काही विचारू नका. ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा प्रत्येक कर्जाला बँकेने किंवा फायनान्स कंपनीने हे पत्रक द्यावंच लागतं, तेही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत. त्यात एपीआर म्हणून एक टक्केवारी असते. प्रोसेसिंग फी वगैरे सगळा खर्च धरून वर्षाला खरं किती पडतं ते तिथे दिसतं. पत्रकात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. “ते सही झाल्यावर मिळेल” असं उत्तर आलं तर तिथून उठा.

त्याने तुम्हाला पहिलाच प्रश्न “महिन्याला किती जमेल?” असा विचारला, हे तुम्ही लिहिलंय. याचं उत्तर कधीही देऊ नये. तुम्ही ८,५०० म्हणालात की किंमत, मुदत आणि दर त्या आकड्यात बसवले जातात. कन्सल्टंटला कर्ज जुळवून दिल्याचं कमिशन मिळतं, त्यामुळे “रोखीने घेतो” म्हटल्यावर काहींचा चेहरा पडतो. कर्जाच्या रकमेत विम्याची एखादी पॉलिसी गुपचूप मिळवलेली असते, तीही वाचून बघा. आणि कोऱ्या फॉर्मवर सही नको, कोरे चेक नकोत.

तुम्ही म्हणता, कापूस विकला की एकदम भरून टाकू. विचार चांगला आहे. पण ठरावीक दराच्या कर्जावर मुदतीआधी फेडीचं शुल्क लागू शकतं, तोही आकडा आधी विचारून ठेवा. शिवाय कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि हप्ता दर महिन्याला. जून-जुलैत बियाणं-खताला पैसा लागतो, तेव्हाचे हप्ते कुठून जाणार, हे घरात बसून मांडा.

आता नाव चढवण्याचं. इथे मी स्वतः पोळलो आहे. २०१६ मध्ये आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, मुहूर्तावर गाडी घ्यायची म्हणून मी घाई केली. कन्सल्टंटने आधीच्या मालकाच्या सह्या केलेले, नाव बदलण्याचे फॉर्म म्हणजे नमुना २९ आणि ३० हातात ठेवले आणि म्हणाला, “लोन फिटलंय, एनओसी आठ दिवसांत येते. गाडी एक नंबर शे भो.” मी पैसे मोजले. आरसी बुकावर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तशीच होती. त्या मालकाने गाडीवर वाढीव कर्ज उचललेलं निघालं. चौदा महिने मी फेऱ्या मारल्या, शेवटी त्याची ४६ हजारांची बाकी मीच भरली तेव्हा कुठे नमुना ३५, म्हणजे कर्ज फिटल्याचा फॉर्म, मिळाला आणि बोजा उतरला. गाडी दारात उभी होती, पण बायकोला तिच्यात बसवून नाशिकला न्यायचीही मला भीती वाटायची.

म्हणून एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. बोजा, विम्याची मुदत, कितवा मालक, सगळं पाच मिनिटांत दिसतं. बोजा दिसला तर नमुना ३५ वर फायनान्सरची सही आणि शिक्का असल्याशिवाय रुपया देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, तेही दाखवायला सांगा. नाव तुमच्यावर चढेपर्यंत काही रक्कम कर्ज देणाऱ्याने विक्रेत्याकडून रोखून धरावी, असं कर्जाच्या वेळीच बोलून घ्या. अनेक कंपन्या हे करतात, पण गिऱ्हाईक विचारत नाही.

तुमच्या गाडीला हे जास्तच लागू, कारण ती गुजरातची. सुरत आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८, लागेल. महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागेल आणि गुजरातमध्ये भरलेल्या कराच्या परताव्यासाठी तुम्हालाच धावावं लागेल. हा खर्च ४ लाख १५ हजारांत धरलाय का? “जीजे पासिंगवरच चालवा, कोण विचारतंय” या बोलण्यावर जाऊ नका. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावाच लागतो.

तापीकाठची गाडी म्हटली की मी पाण्याची शंका आधी घेतो. पावसाळ्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावात विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, मुळाशी गाळाची रेघ दिसते का बघा. पायाखालचं कार्पेट उचला, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज बघा, हेडलाइटच्या आत पाण्याची खूण शोधा. कुबट वास मारायला जास्त सुगंध फवारलेला असेल तर तीही खूणच.

मीटर मागे करणं आता सोपं झालंय, त्यामुळे ५८ हजारांवर विसंबू नका. चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी काढा. टायरवर चार आकडी खूण असते, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ५८ हजार चाललेल्या गाडीचं ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल तर समजून जा.

विम्याचं थोडक्यात: जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. पॉलिसी १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर अपघातात तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

दुसऱ्या कुणी आधीच सह्या केल्या असतील तर फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फोन १४४४८. विक्रेत्याने फसवलं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, नाहीतर तुमच्याच जिल्ह्याचा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

तर परवा धुळ्याला जाल तेव्हा विसाराचे पैसे घरी ठेवा आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, दिवसाउजेडी. की फॅक्ट स्टेटमेंट मिळालं की त्यातले आकडे इथे टाका, नाव-नंबर झाकून. रात्री बसून मी हप्ते मांडून देतो.