वडिलांसाठी रोजच्या वापराला रेडमी ए४ ५जी घ्यावा की सॅमसंग गॅलॅक्सी एम०६ ५जी?

तुम्ही लिहिलंय की वडील एसटीतून निवृत्त झालेत, वापर म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, फोनपे आणि अधूनमधून फोटो, बजेट दहा हजार, आणि या दोन फोनांवर येऊन गाडी अडलीय. सगळं सांगितलंत, पण वडिलांचं सिम कुठल्या कंपनीचं आहे ते लिहिलं नाहीत. माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो.

आमच्या घरात हे दोन्ही फोन आहेत. आईकडे रेडमी आणि मामांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, सॅमसंग. दोन्ही मीच घेऊन दिले, त्यामुळे "अरे, हे स्क्रीनवर काय आलंय बघ" म्हणून दोन्हीकडून बोलावणं मलाच येतं. मी एका पतसंस्थेत कारकून आहे, मोबाइलमधला तज्ज्ञ वगैरे नाही. पण काउंटरवर रोज म्हातारी माणसं फोन पुढे सरकवून "जरा बघा की साहेब" म्हणतात, त्यातून जे शिकलो ते सांगतो.

तर सिम. रेडमी ए४ च्या खोक्यावर ५जी लिहिलेलं आहे आणि ते खोटं नाही. मात्र तो फोन फक्त एसए प्रकारचं ५जी पकडतो. एसए म्हणजे स्वतःच्या पायावर उभं असलेलं ५जी. दुसरा प्रकार एनएसए, त्यात ५जीची पालखी जुन्या ४जीच्या खांद्यावर असते. जिओनं २०२२ मध्ये सुरुवात केली तीच एसएनं. एअरटेलचं मोबाइलवरचं ५जी मुख्यतः एनएसए पद्धतीचं. म्हणजे वडिलांचं सिम एअरटेलचं असेल तर रेडमी ए४ वर त्यांना बहुतेक ठिकाणी ४जीच मिळणार. कंपनीनं हे लपवलेलं नाही, फोनच्या माहितीत खाली बारीक अक्षरात दिलंय. पण बारीक अक्षरं वाचतो कोण? सॅमसंगमध्ये हा प्रश्न नाही, तो दोन्ही प्रकार घेतो.

तुम्ही म्हणाल, वडिलांना ५जी हवंय कशाला? खरं आहे, व्हॉट्सअ‍ॅपला ४जी उदंड झालं. पण रोज २ जीबी किंवा त्यावरच्या पॅकवर या कंपन्या ५जीचा डेटा अमर्याद देतात, आणि ४जीवर मात्र तो २ जीबीचा काटा फिरतच राहतो. निवृत्त माणसाचं यूट्यूब साधंसुधं नसतं हो. सकाळी हरिपाठ, दुपारी जुनी भाषणं, संध्याकाळी बातम्यांवरची भांडणं. मामांचा डेटा पूर्वी चार वाजता संपायचा आणि मग घरातल्या कोणाचं तरी हॉटस्पॉट मागत फिरायचे. ते आता थांबलंय.

आईचं सिम जिओचं, म्हणून तिला रेडमी घेताना मला अडचण नव्हती. जिओकडे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, २०२२ च्या लिलावात तो एकट्या त्यांनीच घेतला होता. या पट्ट्याची लहर लांब जाते आणि भिंतींतून आत शिरते. आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात जाड आहेत, तरी माजघरात आईच्या फोनवर ५जीचं चिन्ह दिसतं.

आता पैशाचं. बाजारात आला तेव्हा रेडमी ए४ चा ६४ जीबीवाला ८,४९९ रुपयांना होता आणि १२८ जीबीवाला ९,४९९ ला. सॅमसंग एम०६ चा ४ जीबी रॅम, १२८ जीबीवाला ९,९९९ ला. सणासुदीला आणि बँकेच्या कार्डावर हे आकडे खालीवर होतात, ते तुम्ही बघालच. एक हजार वाचवायला ६४ जीबीवाला मात्र घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

कारण सांगतो. आईचा आधीचा फोन ३२ जीबीचा होता. दर आठवड्याला "जागा शिल्लक नाही" अशी पाटी यायची. एकदा मी बसून व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो पुसायला लागलो. सुप्रभात, शुभ सकाळ, एकादशी, संकष्टी, कोणाच्या नातवाचं जावळ. पुसता पुसता विठोबाचा फोटो आला आणि आईनं माझा हात धरला. "देवाचा फोटो असा पुसतात होय रे?" मी म्हटलं, आई, असे दोनशे आहेत. "मग दोनशे वेळा पाप," म्हणाली. त्या दिवशी एकही फोटो पुसला गेला नाही. नवा फोन १२८ जीबीचा घेतला, तो निव्वळ विठोबासाठी. ६४ मधली बरीच जागा फोनची स्वतःची प्रणालीच खाऊन बसते, उरलेल्यावर चार-पाच वर्षं काढणं अवघड आहे.

दुकानात "सर, ८ जीबी रॅम आहे" असं सांगतील, तिकडेही लक्ष ठेवा. खोक्यावरच्या त्या ८ च्या डोक्यावर एक चांदणी असते. रॅम खरी ४ जीबीच, बाकीचे ४ साठवणुकीच्या जागेतून उसने घेतलेले. उसनं ते उसनंच, त्याचा वेग खऱ्या रॅमसारखा नसतो. वडिलांच्या वापराला ४ जीबीवर भागतं. फोनपे उघडताना क्षणभर थांबावं लागतं, पण निवृत्त माणसाला तेवढी घाई नसते.

प्रोसेसरवर लोक पानंच्या पानं लिहितात. रेडमीत स्नॅपड्रॅगन ४एस जेन २, सॅमसंगमध्ये डायमेन्सिटी ६३००. तुमच्या कामाला दोघांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. मुलं त्यावर गेम खेळणार असतील तर गोष्ट वेगळी.

मला खटकलं ते चार्जरचं, म्हणून त्यावर जरा बोलतो. रेडमीच्या खोक्यात चार्जर येतो, तोही ३३ वॉटचा, जरी फोन स्वतः १८ वॉटच घेतो. सॅमसंग २५ वॉट घेतो, पण खोक्यात नुसती केबल. जवळपास सारख्या किमतीचे वाटणारे फोन इथे वेगळे होतात, कारण बऱ्यापैकी चार्जरला हजार-दीड हजार लागतात. मामांचा फोन घेतला तेव्हा मी शहाणपणा केला. एका दुकानातून "२५ वॉट, ओरिजिनलसारखाच" असा साडेतीनशेचा चार्जर आणला. दोन तास झाले तरी काटा चाळीसच्या पुढे हलेना आणि चार्जर इस्त्रीसारखा तापला. परत न्यायला गेलो तर "लावून बघितला ना, मग परत नाही". साडेतीनशे पाण्यात गेले ते गेलेच. सॅमसंगला योग्य चार्जर लावला की कुलूपबंद स्क्रीनवर सुपर फास्ट चार्जिंग असं लिहून येतं. ते आलं नाही तर पैसे देऊ नका, दुकानातच लावून बघा. घरात जुना १० वॉटचा पडला असेल तर त्यावरही चालतं, फक्त पूर्ण भरायला अडीच-तीन तास धरा. रात्री लावून झोपणाऱ्या माणसाला त्याचंही काही वाटत नाही म्हणा.

बॅटरी रेडमीची ५,१६० एमएएच, सॅमसंगची ५,०००. फरक कागदावरचा. आमच्याकडे दोन्ही फोन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तग धरतात.

हातात धरल्यावर मात्र फरक कळतो. रेडमीची स्क्रीन ६.८८ इंच, वजन २१२ ग्रॅम. सॅमसंगची ६.७ इंच, वजन १९१. वीस ग्रॅम म्हणजे काय, असं मलाही वाटलं होतं. पण मामा फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतात, तुमचे वडीलही ठेवत असतील, त्या पिढीचा तो शिरस्ताच आहे. जड फोनानं शर्ट एका बाजूला ओघळतो, आणि नळाखाली तांब्या धरायला वाकलं की फोन आधी खाली. मामांचा आधीचा जड फोन असाच हौदात पडला होता. आईचं उलट आहे. तिचा फोन खिशात कधी नसतोच, टीव्हीशेजारी उशीला टेकवून ठेवलेला असतो, त्यामुळे तिला मोठी स्क्रीन मानवली. अक्षरं सर्वांत मोठी केली तरी एका ओळीत चार शब्द मावतात. रेझोल्यूशन दोन्हींचं ७२० चंच आहे, तेव्हा अगदी जवळून बघितलं तर अक्षरांच्या कडा किंचित भरड वाटतात. साठीपुढच्या डोळ्यांची त्याबद्दल तक्रार ऐकली नाही. रेडमीची स्क्रीन १२० हर्ट्झची आहे, म्हणजे बोटानं सरकवताना गुळगुळीत हलते, हे आईला सांगितलं तेव्हा तिनं "बरं" म्हटलं.

कॅमेरा दोन्हींना ५० मेगापिक्सेलचा. उजेडात सातबारा, पासबुक, औषधाची चिठ्ठी असले फोटो दोन्हींत स्वच्छ येतात. रात्री लग्नाच्या मांडवात दोन्हीही सारखेच लाजतात. पुढचा कॅमेरा रेडमीला ५ मेगापिक्सेल, सॅमसंगला ८. सेल्फीसाठी नव्हे, एका वेगळ्याच कारणानं हे मी सांगतोय. वडील एसटीतले, म्हणजे त्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांची, पेन्शन असणार. तिचा हयातीचा दाखला आता घरबसल्या चेहरा दाखवून देता येतो. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन अ‍ॅप लागतात, आणि कॅमेरा किमान ५ मेगापिक्सेलचा हवा. दोन्ही फोन या परीक्षेत पास होतात, रेडमी अगदी काठावर. चेहरा टिपताना पाठीमागे भिंत आणि समोर खिडकी ठेवा. मामांना आम्ही आधी खिडकीकडे पाठ करून बसवलं होतं, चार वेळा नापास झाले, आणि "मी जिवंत आहे हे मोबाइलला पटत नाही" म्हणून दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले. ईपीएस-९५ वाल्यांना नोव्हेंबरचीच वाट बघावी लागत नाही, वर्षात कधीही दाखला दिला की तो तिथून एक वर्ष चालतो.

माझ्या लेखी सॅमसंगचं पारडं जड होतं ते अपडेटमुळे. एम०६ अँड्रॉइड १५ घेऊन आला आणि पुढच्या चार आवृत्त्या देण्याचं कंपनीनं सांगितलंय. रेडमी ए४ अँड्रॉइड १४ वर आला, त्याला दोनच आवृत्त्या. सुरक्षेचे अपडेट दोन्हींना चार-चार वर्षं. तरुण माणूस दोन वर्षांत फोन बदलतो, त्याला याचं काही नाही. वडील बदलणार नाहीत. तो फोन बंद पडेपर्यंत वापरतील आणि बंद पडल्यावरही "बघ जरा चालतोय का" म्हणतील. पतसंस्थेत मी हे बघतो: फोन ठणठणीत, स्क्रीनवर ओरखडा नाही, पण अँड्रॉइड इतकं जुनं की बँकेचं अ‍ॅप चढतच नाही.

तेव्हा माझं मत. सिम एअरटेलचं असेल तर विचारच करू नका, सॅमसंग घ्या. जिओचं असेल आणि दहा हजारांत चार्जरसकट सगळं बसवायचंच असेल तर रेडमी, १२८ जीबीवाला. जिओ असून हजारभर रुपये वर टाकायची तयारी असेल तर मी पुन्हा सॅमसंगच घेईन आणि चार्जर चांगला घेईन. आईला आज फोन घ्यायचा असता तर तिला मात्र परत रेडमीच दिला असता, त्या उशीला टेकवलेल्या मोठ्या स्क्रीनसाठी.

कुठलाही घेतलात तरी पहिल्या दिवशी तासभर काढून वडिलांजवळ बसा. या किमतीच्या फोनांत नको असलेली अ‍ॅप आणि जाहिरातवजा सूचना भरलेल्या असतात, त्या एकेक करून बंद करा. कीबोर्डमध्ये मराठी आणि बोलून लिहिण्याचा माईक चालू करून द्या. आई आता "जेवलास का प्रश्नचिन्ह" असं मोठ्यानं बोलून मला निरोप पाठवते.

जुना फोन त्याच दिवशी कोणाला देऊन टाकू नका. फोनपे नव्या फोनवर सुरू करताना त्या सिमवरून एक एसएमएस आपोआप जातो, म्हणून बँकेला जोडलेलं सिम आधी नव्या फोनात घाला आणि पॅकमध्ये एसएमएस आहेत ना ते बघा. नसले तर "पडताळणी अयशस्वी" येत राहतं आणि माणूस फोनलाच शिव्या देतो. शिवाय नव्या फोनवर पहिले २४ तास यूपीआयची मर्यादा ५,००० रुपयांचीच असते. वडिलांना त्या दिवशी खताचं किंवा दवाखान्याचं मोठं बिल द्यायचं असेल तर फोन दुसऱ्या दिवशी बदला.